तक्रार: ओर्विएतोचा ‘पूर्ण दिवस’ आणि न दाखवलेली विहीर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग (युरोप सहली)

विषय: मे महिन्यातील इटली सहल, सहावा दिवस. ‘ओर्विएतो: मुलांसोबत एक पूर्ण दिवस’ या जादा पैसे घेतलेल्या सहलीतील फसवणूक

महोदय,

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी माझं चौथ्यांदा बोलणं झालं. यापुढे मी फोन करणार नाही. जे सांगायचं ते लेखी सांगा.

सहाव्या दिवशी काय काय कबूल केलं होतं हे मी तुम्हाला नव्याने सांगायची गरज नाही, माहितीपत्रक तुम्हीच छापलंय. सकाळी साडेनऊला पोहोचणं, फ्युनिक्युलरने (कड्यावर दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे) वर जाणं, सेंट पॅट्रिकची विहीर, कॅथेड्रल, जमिनीखालच्या गुहांची मार्गदर्शकासोबत फेरी आणि गल्ल्यांमधून निवांत भटकंती. या एका दिवसाचे मूळ रकमेवर माणशी 11,800 रुपये जादा घेतले. आम्ही पाच जण: आम्ही दोघं, सासूबाई, दहा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी. मुलांना काही सवलत आहे का असं विचारलं, तर “हा दिवस मुलांसाठीच आहे मॅडम, त्यामुळे सवलत नाही” असं उत्तर मिळालं. 59,000 रुपये आम्ही कुरकुर न करता भरले.

आम्ही ओर्विएतोला पोहोचलो ते दुपारी दोन वाजून पन्नास मिनिटांनी.

रोमहून हे अंतर बसने साधारण दीड तासाचं. आम्ही हॉटेलवरून आठला निघालो होतो. मधले तास कुठे गेले? एका आउटलेट मॉलमध्ये. त्या मॉलचा माहितीपत्रकात कुठेही उल्लेख नाही. सव्वानऊला बस तिथे थांबली आणि टूर मॅनेजरने सांगितलं, “एक तास, शॉपिंग करून घ्या.” एकाचे चार तास झाले. सासूबाई एवढा वेळ एका बुटांच्या दुकानाबाहेर बसून होत्या. ज्यांना खरेदी करायची होती त्यांच्यावर माझा राग नाही. पण आम्ही पैसे मॉलचे भरले नव्हते, ओर्विएतोचे भरले होते.

ओर्विएतोच का निवडलं तेही सांगते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे इटलीतली डोंगरावरची बहुतेक गावं आम्ही यादीतून आधीच काढून टाकली होती. ओर्विएतो ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या खडकाच्या एका उभ्या कड्यावर वसलंय, पण खालच्या रेल्वे स्टेशनसमोरून थेट वर फ्युनिक्युलर जाते. 1888 साली ती सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालायची, आता विजेवर चालते. म्हाताऱ्या माणसाला एकही पायरी न चढता गावात नेणारी ही गाडी. आणि तिची तिकिटं तुमच्या टूर मॅनेजरकडे नव्हती! “वर चालत जाता येतं” असं तो म्हणाला. अडुसष्ट वर्षांच्या बाईसमोर उभं राहून म्हणाला. आमची पाच तिकिटं शेवटी आम्ही काढली. पावती जोडली आहे.

आता विहिरीबद्दल. यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण तुमच्या माणसांना आपण काय विकतोय तेच ठाऊक नाही.

1527 साली रोम लुटलं गेलं, तेव्हा पोप सातवा क्लेमेंट पळून ओर्विएतोला आला. कड्यावरचं गाव सुरक्षित खरं, पण वेढा पडला तर पाण्याचं काय, ही त्याला धास्ती. म्हणून अंतोनियो दा सांगालो या वास्तुविशारदाकडून त्याने ही विहीर खोदून घ्यायला सुरुवात केली. ती 1537 साली पुरी झाली, तोवर पोपही वारला होता. खोली 53 मीटर, पायऱ्या 248. पण खरी गंमत खोलीत नाही, जिन्यात आहे. विहिरीभोवती दोन गोल जिने एकमेकांत गुंफून नेलेत. एकाने रिकामी खेचरं उतरायची, तळाशी पखाली भरायच्या आणि दुसऱ्याने वर यायचं. उतरणारं खेचर आणि चढणारं खेचर वाटेत कधीच समोरासमोर येत नाही. आत उजेड यावा म्हणून मधल्या पोकळीच्या बाजूने 70 खिडक्या काढल्यात.

माझ्या मुलाने हे मार्चमध्ये वाचलं. त्याने स्वयंपाकघरातल्या पेपर टॉवेलची पुठ्ठ्याची नळी घेतली, तिच्याभोवती एक लाल आणि एक निळी कागदी पट्टी गुंडाळली आणि पंचिंग मशीनने खिडक्या पाडल्या. दोन आगकाड्या म्हणजे दोन खेचरं. त्या नळीला डोळा लावून तो महिनाभर एकच प्रश्न विचारत होता: खाली जाणाऱ्या खेचराला वर येणारं खेचर समोरच्या खिडकीतून दिसत असेल का? मला सांगता आलं नाही. मी म्हणाले, आपण दोघं दोन जिन्यांवर उभे राहू आणि बघू.

ही विहीर फ्युनिक्युलरच्या वरच्या स्टेशनपासून अगदी दोन-चार मिनिटांवर आहे. तिची बसकी गोल इमारत आम्हाला दिसत होती. माणसं तिकिटं काढून आत जात होती. मुलगा हाताला धरून ओढत होता. टूर मॅनेजर म्हणाला, आधी कॅथेड्रल, विहीर येताना. आम्ही ऐकलं. ही चूक आमची.

कॅथेड्रलसमोर पस्तीस मिनिटं मिळाली. 1290 साली पाया घातलेली ती वास्तू. दुपारचं ऊन दर्शनी भिंतीच्या सोनेरी मोझेकवर आलेलं. धाकटी बाजूच्या भिंतीपाशी जाऊन काळ्या-पांढऱ्या दगडांचे पट्टे बोटाने मोजत होती, काळा, पांढरा, काळा, पांढरा. चाळिसाच्या पुढे तिचा हिशेब चुकला, तेव्हा तिने पुन्हा खालपासून सुरुवात केली. दगडी बाकावर बसलेल्या सासूबाईंनी आपणहून हात जोडले. तेवढी पस्तीस मिनिटं चांगली गेली, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. आत जायची तिकिटं मात्र काढलेली नव्हती, त्यामुळे चित्रकार सिन्योरेल्लीने रंगवलेलं आतलं सान ब्रित्सियो चॅपल राहिलं. गुहांची फेरी त्याच चौकातून सुरू होते. या गावाखाली खडकात कोरलेल्या बाराशेहून जास्त गुहा आहेत. त्यातल्या काहींच्या भिंतींना खुराड्यासारखे चौकोनी कोनाडे आहेत, लोक त्यांत खाण्यासाठी कबुतरं पाळत. आमच्या व्हाउचरवर ती फेरी ‘समाविष्ट’ म्हणून छापली आहे. “आता वेळ नाही” एवढंच उत्तर मिळालं.

येताना आम्ही पळत विहिरीपाशी गेलो. तिकीट खिडकीतल्या बाईंनी व्हाउचर बघून नकारार्थी मान हलवली. आमच्या नावाने काहीही भरलेलं नव्हतं. मी पाकीट काढलं, तोच टूर मॅनेजरचा फोन: बस पाचला सुटणार, ड्रायव्हरचे तास संपतात. युरोपात ड्रायव्हरच्या तासांचा नियम कडक आहे आणि तो असायलाच हवा. पण हा नियम तुम्हाला सकाळी मॉलमध्ये चार तास थांबताना माहीत नव्हता का?

मुलगा रडला नाही. फ्युनिक्युलरमध्ये वही मिटून बसून राहिला.

आता कालचा फोन. मी सगळं शांतपणे सांगितलं. तुमच्या प्रतिनिधीने ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे मॅडम, तुमची कम्प्लेंट एका विहिरीबद्दल आहे?” मी म्हटलं, विहीर, गुहा, चॅपल आणि फ्युनिक्युलर, चारही. त्यावर ते म्हणाले, “पण विहिरीसाठी इटलीला कोण जातं? विहिरी तर आपल्याकडे पण आहेत.” मी गप्प झाले. त्यांना वाटलं, मला पटलं. म्हणून पुढे म्हणाले, “आणि मुलांना त्यातलं काय कळतं? मुलं कुठेही खूश असतात. मॉलमध्ये आईस्क्रीम खाल्लं ना त्यांनी?”

हो, विहिरी आपल्याकडे आहेत. साताऱ्याजवळ लिंब गावची बारा मोटेची विहीर माझ्या मुलाने गेल्या दिवाळीत पाहिली आहे. एकाच वेळी बारा मोटा कशा चालत असतील, बैल कुठे वळत असतील, हे तो वर काठावर उभा राहून आजीला समजावून सांगत होता. ती पाहिली म्हणूनच त्याला ओर्विएतोची पाहायची होती. मुलांना काय कळतं, असं विचारायचा हक्क तुमच्या माणसाला कोणी दिला? दहा वर्षांच्या पोराला जे कळलं ते तुमच्या कचेरीत कोणाला कळलेलं नाही. आणि मुलांना काहीच कळत नसेल, तर ‘मुलांसोबत एक पूर्ण दिवस’ या नावाने त्यांचे पूर्ण पैसे कशाचे घेतलेत?

शेवटी त्यांनी “पुढच्या बुकिंगवर 2,000 रुपयांचं व्हाउचर” देऊ केलं. पुढचं बुकिंग होणार नाही. ही आमची तुमच्यासोबतची तिसरी सहल होती. सिंगापूर आणि केरळ दोन्ही वेळा तुम्ही उत्तम सांभाळलंत, म्हणूनच सासूबाईंना घेऊन एवढ्या लांब यायचं धाडस केलं. आमच्या सोसायटीतली दोन कुटुंबं माझ्या सांगण्यावरून तुमच्याकडे आली होती. त्यांनाही आता मी हेच पत्र वाचायला देणार आहे.

माझ्या मागण्या अशा. सहाव्या दिवसाचे 59,000 रुपये पूर्ण परत करा. फ्युनिक्युलरच्या तिकिटांचा खर्च वेगळा द्या. विहिरीचे आणि गुहांचे पैसे व्हाउचरवर ‘भरले’ दाखवून प्रत्यक्षात का भरले नाहीत, याचा खुलासा करा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर सेवेतील त्रुटीबद्दल मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. 2019 च्या कायद्यानुसार ती मला माझ्या राहत्या जिल्ह्यात, पुण्यातच करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही.

आणखी एक. दिलगिरीचं पत्र माझ्या मुलाच्या नावाने लिहा. मराठीत लिहा, तो स्वतः वाचतो.

आपली ग्राहक,
पुणे

सोबत: सहाव्या दिवसाचं छापील पान, न वापरलेली पाच व्हाउचर, फ्युनिक्युलरच्या तिकिटांची पावती.