दादा, अण्णांची सायकल बाहेर काढ

उट्रेख्त, नेदरलँड्स, २६ एप्रिल

प्रिय दादा,
आईला आणि वहिनींना नमस्कार, लेकरांना गोड पापा.

परवा फोनवर तू बोलता बोलता सांगून गेलास की तीन महिन्याच्या शुगरचा रिपोर्ट ६.२ आला, डॉक्टर म्हणले सध्या गोळी नको, हातपाय हलवा, वजन उतरवा, आणि लगेच तू हरभऱ्याच्या भावावर गेलास. मला मात्र रात्री झोप लागली नाही. फोनवर आपलं बोलणं अर्धंच राहतं, दुकानात कुणी ना कुणी येतंच, म्हणून सगळं लिहूनच पाठवायलोय, दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की निवांत वाच.

५.७ ते ६.४ म्हणजे मधला पट्टा, ६.५ पासून डायबेटिस धरतात. तू अजून अलीकडंच आहेस दादा, इथून माघारी फिरता येतं. फक्त आत्ता फिरायला पाहिजे.

माझं तुम्हाला कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी मे महिन्यात तांदळाची दहा किलोची पिशवी घेऊन वर येत होतो. इथले जिने लई उभे असतात, शिडीसारखे, अर्धं पाऊलच मावतं पायरीवर. दुसऱ्या मजल्यावर मी खाली बसलो, पिशवी मांडीवर, छाती धडधडायली, आणि वय किती तर ३८. वजन केलं तर ९१ भरलं. अण्णा ह्या वयात सायकलवर रोज शाळेला सात किलोमीटर जायचे अन् सात यायचे, तेच डोळ्यापुढं आलं. दुसऱ्या दिवशी जुनी सायकल घेतली.

माझं ऑफिस शेजारच्या न्यूवेगाइन गावात, घरापासून साडेआठ किलोमीटर. सायकलीसाठी तांबूस डांबराचा वेगळा रस्ता आहे, मोठ्या गाड्यांची भीती नाही. चढ तर ह्या देशात जवळजवळ नाहीच, पण वारं आहे आणि ते चढाला भारी आहे. मध्ये एक मोठा कालवा लागतो, त्याच्यावरच्या पुलावर पहिल्या दिवशी उतरून सायकल ढकलत नेली. सातव्या आठवड्यात तो पूल न उतरता पार केला, वर पोचल्यावर कडेला थांबून खालून जाणारी लांबलचक मालाची बोट बघत उभा राहिलो, कुणाला तरी सांगावं वाटायलं आणि तिकडं तुमची रात्र झाली होती.

मधल्या काळात एक चूक केली, ती तू करू नको. गुडघा पुढच्या बाजूनं दुखायला लागला, जिना उतरताना तर कळ यायची. मला वाटलं सायकल आपल्याला जमत नाही. खरं कारण सीट होतं, लई खाली होतं. आपण लहानपणी दांडीच्या मधून पाय घालून शिकलो ना, त्यामुळं पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत ही सवय. तसं नाही दादा. सीटवर बस, पायडल अगदी खाली ने, त्याच्यावर टाच ठेव, पाय गुडघ्यात सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा पायडलवर आला की गुडघ्यात थोडा बाक आपोआप राहतो. मी सीट चार बोटं वर घेतलं आणि दोन आठवड्यात दुखणं गेलं. आणि जोर लावून दाबत बसायचं नाही, हलकं पण भरभर मारायचं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतकाच दम लागू द्यायचा.

ह्याचा शुगरशी संबंध असाय की मांड्या हे शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू, ते चालू झाले की रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतात, इन्सुलिन नीट काम करत नसलं तरी. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला कमीत कमी १५० मिनिटं सांगते, म्हणजे अर्धा तास, पाच दिवस. शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम. रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललास तरी फरक पडतो, जेवून लगेच आडवं व्हायचं तेवढं बंद कर.

ताकदीच्या व्यायामाला मी जिममध्ये गेलो नाही. खुर्चीवर बसायचं, हात न टेकता उठायचं, परत सावकाश बसायचं, असं दहा वेळा, थोडं थांबून अजून दोनदा. जोर आधी भिंतीवर हात टेकून मारले, महिन्याभरानं किचनच्या ओट्यावर, दिवाळीच्या सुमारास फरशीवर उतरलो. प्लँक, म्हणजे कोपरं आणि चवडे टेकून अंग सरळ ताठ धरायचं, वीस सेकंदापासून. शेवटी जिन्याच्या पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली. सगळं मिळून वीस मिनिटं होतात, चहा उकळायच्या आधी उरकतं. आईलासुद्धा ते खुर्चीचं करायला सांग, तिनं खाटेच्या कडेला धरून केलं तरी चालतंय, खाली बसून उठायला तिला त्रास होतो तो मांडीतली ताकद गेल्यामुळं पण असतो. दुखलं तर मात्र थांबायचं. तुझी बीपीची गोळी चालूच ठेव, आणि सुरू करायच्या आधी डॉक्टरला एकदा सांग.

आता वजन ८२ आहे. भाकरी सोडली नाही, ज्वारीचं पीठ इथं मिळतंय. बिस्किटं आणि गोड चहा तेवढा कमी केला.

तू म्हणशील लातुरात आता सायकल म्हणजे ट्युशन एरियातली पोरं, माझ्या वयाचा माणूस सायकलवर दिसला की लोक विचारतील गाडी विकली का. दादा, इथले माजी पंतप्रधान मार्क रुटे सायकलवर ऑफिसला जायचे आणि २०२४ ला पद सोडलं तेव्हाही सायकलवर बसूनच निघाले. हा देशही पहिल्यापासून असा नव्हता. १९७१ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात ३ हजाराच्या वर माणसं गेली, त्यात ४०० च्या वर लेकरं, तेव्हा आईबाप रस्त्यावर आले आणि मग हळूहळू हे रस्ते झाले. आज एक कोटी ऐंशी लाखाच्या आसपास माणसांत सव्वादोन कोटीच्या वर सायकली आहेत. आपल्याकडं तसे रस्ते नाहीत हे मला कळतंय, म्हणून हायवेला जाऊच नको. पहाटे साडेपाचला निघ, ऊन तापायच्या आत, आतल्या रस्त्यानं शेतातल्या आखाड्यापर्यंत जा, सहा किलोमीटर, विहिरीवर तोंड धू आणि माघारी ये.

आणि तुला सायकलीची लाज कधी वाटली नव्हती रे. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं त्या उन्हाळ्यात तू अण्णांच्या ह्याच अ‍ॅटलस सायकलीला दोन्ही बाजूनं घागरी लावून टँकरवरून पाणी आणायचास, दिवसाला चार-चार खेपा. तेव्हा दंडाला दोरी बांधल्यासारखी शीर दिसायची तुझ्या. मी तेव्हा पुण्याला होतो, सुट्टीला आलो की नुसता बघत बसायचो, ते मला अजून लागतं.

तर अण्णांची सायकल ढाळजेतून बाहेर काढ. टायर-ट्यूब नवीन टाक, २८ बाय दीडचा लागतो, ब्रेकचे रबर बदल, चेनला तेल दे, मागं लाल रिफ्लेक्टर आणि पुढं लाईट लाव, पहाटे अंधार असतो. पैसे पाठवायलोय, नको म्हणू नको. येळवशीला, वेळ अमावस्येला, मी येणार आहे, तेव्हा आंबील प्यायला आपण दोघं आखाड्यावर सायकलवर जाऊ, मी भाड्यानं एखादी बघतो.

दुकानदार सांगेल की कॅरिअरचे ते घागरीचे लोखंडी हुक काढून टाका म्हणून. काढू देऊ नको.

तुझा,
बाळू