बॅटरी ठेवून घेतली, लेखी कारण मात्र दिले नाही: वॉरंटीच्या नियमांबाबत केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
ग्राहक व्यवहार, अन्न आणि सार्वजनिक वितरण मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय: मोटारीच्या बॅटरीवरील वॉरंटीचा दावा नाकारताना तपासणीचा अहवाल आणि लेखी कारण देणे विक्रेत्यावर बंधनकारक करण्याबाबत.

महोदय,

मी नागपूरला राहणारा एक सामान्य मोटारधारक आहे. मोटारीच्या बॅटरीवर छापलेली वॉरंटी प्रत्यक्षात वसूल करताना ग्राहकाची जी अडवणूक होते, तिच्याकडे आपले लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. काही हजार रुपयांच्या वस्तूसाठी केंद्रीय मंत्र्यांना पत्र कशाला, असे कोणाला वाटू शकेल. परंतु देशातील प्रत्येक मोटार, रिक्षा, टेम्पो आणि ट्रॅक्टरमध्ये ही वस्तू असते, काही वर्षांनी ती बदलावीच लागते, आणि वॉरंटीच्या मुदतीत ती बिघडली तर बहुतेक ग्राहक वाद घालून थकतात आणि नवी बॅटरी विकत घेऊन मोकळे होतात. तक्रार कुठेच नोंदली जात नसल्यामुळे ही अडचण सरकारी आकडेवारीत उमटत नाही.

माझ्या बाबतीत जे घडले ते थोडक्यात सांगतो. दुकानदाराचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न एका दुकानापुरता नाही. बॅटरी विनामूल्य बदलून मिळण्याच्या मुदतीतच होती, जीएसटीचे बिल होते, वॉरंटी कार्डावर विक्रीची तारीख आणि शिक्का होता. सकाळी गाडीला सेल्फ मारला की नुसता टकटक आवाज येई आणि इंजिन उचलत नसे. मेकॅनिकने मल्टिमीटर लावला तेव्हा 10.6 व्होल्ट दिसले. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक चांगला सेल सुमारे 2.1 व्होल्ट देतो, म्हणून पूर्ण चार्ज झालेल्या निरोगी बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा. त्यातून एका सेलचे व्होल्ट वजा केले की साडेदहाच्या आसपास आकडा उरतो. मेकॅनिकने तेवढ्यावरून एक सेल गेल्याचे सांगितले आणि गाडी सुरू करून अल्टरनेटरही तपासला. तो 14.2 व्होल्ट देत होता, म्हणजे गाडीची चार्जिंग व्यवस्था ठीक होती.

दुकानदाराने बॅटरी चार्जिंगला लावून ठेवून घेतली आणि नंतर ती उत्तम असून दोष गाडीत असल्याचे तोंडी सांगितले. गाडीत बसवल्यावर ती पुन्हा रात्रीतून उतरली. दुसऱ्या खेपेला चार्जरवरून काढल्याबरोबर माझ्यासमोरच बॅटरीला टेस्टर लावण्यात आला. त्या यंत्रातून छोटी छापील चिठ्ठी बाहेर आली, काउंटरवरच्या मुलाने ती फाडून फाइलला लावली. त्या चिठ्ठीची प्रत किंवा निदान मोबाइलवर फोटो मागितला, तेव्हा ‘ते कंपनीचे असते, ग्राहकाला देत नाहीत’ असे उत्तर मिळाले. पुढे बॅटरी कंपनीकडे पाठवल्याचे आणि कंपनीने दावा फेटाळल्याचे फोनवर कळवण्यात आले. कारण विचारले तर आधी ‘ओव्हरचार्जिंग’, मग ‘देखभाल नीट नाही’ असे सांगितले गेले. यातला एकही शब्द कागदावर माझ्या हाती आला नाही.

महोदय, त्या चिठ्ठीवर मी एवढा भर का देत आहे, ते स्पष्ट करतो. चार्जरवरून नुकतीच काढलेली बॅटरी तात्पुरती चांगली दिसू शकते. चार्जिंगनंतर काही काळ प्लेटच्या पृष्ठभागावर जास्तीचा चार्ज राहतो आणि व्होल्ट फुगून दिसतात. त्यामुळे बॅटरी काही तास तशीच ठेवून नंतर मोजणी करावी लागते, तिच्यावर भार देऊन व्होल्ट किती खाली येतात ते पाहावे लागते, आणि बुचे उघडता येणारी बॅटरी असेल तर प्रत्येक सेलमधील द्रावाची घनता हायड्रोमीटरने तपासावी लागते. पाच सेलमध्ये घनता नीट आणि एकाच सेलमध्ये ती ठळकपणे कमी असेल, तर दोष कुठे आहे हे कोणालाही दिसते. उलट गाडीचा अल्टरनेटर गरजेपेक्षा जास्त व्होल्ट देत असेल, तर साधारणपणे सर्वच सेलमधले पाणी कमी होते. म्हणजेच बॅटरी मुळात सदोष होती की गाडीने ती बिघडवली, हा केवळ मतभेदाचा विषय नसून बऱ्याच प्रमाणात मोजून ठरवता येणारी गोष्ट आहे. मोजणी कधी केली, कोणत्या यंत्राने केली आणि आकडा काय आला, एवढे लिहून दिले तर निम्मे वाद दुकानातच मिटतील.

आपल्याकडे कायदा नाही असे मी म्हणत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधील ‘दोष’ या संज्ञेची व्याख्या व्यापक आहे, करारानुसार राखायच्या दर्जातील उणीवही तिच्यात येते. सदोष माल परत घेण्यास आणि त्याचे पैसे परत करण्यास बिलावरील मुदतीत, अथवा तशी मुदत नसल्यास तीस दिवसांत, नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. जी वॉरंटी पाळली जाण्याची वाजवी शक्यताच नाही, ती देणेही याच सदरात मोडते. ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि मालासाठी मोजलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार शुल्क लागत नाही. पुण्यात 1974 साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, तेव्हा ग्राहकाच्या हाती यातले काहीही नव्हते, याची महाराष्ट्रातल्या आम्हा ग्राहकांना जाणीव आहे.

मात्र या कायद्याचा आधार घ्यायला निघालेल्या बॅटरीच्या ग्राहकाजवळ पुरावाच राहत नाही. कलम 38 प्रमाणे, योग्य चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोगाने मालाचा नमुना घ्यावा, तो सीलबंद करावा आणि प्रयोगशाळेकडे पाठवावा, अशी तरतूद आहे. अहवाल 45 दिवसांत अपेक्षित असतो आणि चाचणीचे शुल्क तक्रारदाराला भरावे लागू शकते. ही तरतूद चांगली आहे, पण दावा करतानाच ग्राहकाने बॅटरी दुकानदाराच्या ताब्यात दिलेली असते, ती तिथून कंपनीच्या डेपोत जाते आणि कित्येकदा तिथूनच भंगारात जाते. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याकडेच एकमेव पुरावा, आणि त्या पुराव्याची पोचपावतीसुद्धा ग्राहकाकडे नाही, अशी ही स्थिती आहे. कायद्यातील उत्पादन दायित्वाचे, म्हणजे सदोष उत्पादनाने केलेल्या हानीच्या भरपाईचे, प्रकरणही येथे कामाला येत नाही, कारण त्यात ‘हानी’ची व्याख्या करताना खुद्द त्या उत्पादनाची झालेली हानी वगळलेली आहे. बॅटरी फुटून कोणाला इजा झाली तर ते प्रकरण लागू होईल, बॅटरी नुसती निकामी झाली तर होणार नाही.

वॉरंटीच्या दुसऱ्या टप्प्याचा, म्हणजे ज्याला बाजारात ‘प्रो-राटा’ म्हणतात त्याचा, प्रश्न याहून गंभीर आहे, आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. बॅटरीवर ‘36 अधिक 36 महिने’ किंवा ‘24 अधिक 24 महिने’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. त्यातील पहिल्या आकड्यापर्यंत बॅटरी विनामूल्य बदलून मिळते, पुढच्या काळात नव्या बॅटरीवर केवळ ठरावीक टक्के सवलत मिळते. ही सवलत कमाल किरकोळ किमतीवर, म्हणजे एमआरपीवर, मोजली जाते, मात्र एमआरपीला बॅटरी विकत घेणारा ग्राहक क्वचितच सापडतो. जुनी बॅटरी दिली की दुकानदार किंमत बरीच कमी करतो, कारण जुन्या बॅटरीतील शिशाला मोल असते. उदाहरणादाखल असे धरू की एमआरपी 7,000 रुपये आहे आणि जुनी बॅटरी देऊन तीच बॅटरी दुकानात 5,200 रुपयांना मिळते. वॉरंटीखाली 25 टक्के सवलत मंजूर झाली, तर 7,000 मधून 1,750 वजा होऊन ग्राहकाला 5,250 रुपये भरावे लागतात आणि जुनी बॅटरीही जमा करावी लागते. म्हणजे वॉरंटी वापरणाऱ्या ग्राहकाला, वॉरंटी विसरून गेलेल्या ग्राहकापेक्षा पन्नास रुपये जास्त पडतात. खरेदीच्या वेळी ज्या आकड्यामुळे त्याने हीच बॅटरी निवडली, त्या आकड्याच्या निम्म्या भागाची किंमत अशा व्यवहारात शून्य होते. छापील आकडा खरा असला तरी त्यातून होणारा समज खोटा आहे, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत 9 जून 2022 रोजी आपल्याच केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांच्या कसोटीवर हा आकडा तपासून पाहावा अशी माझी विनंती आहे.

बदलून दिलेल्या बॅटरीला मूळ वॉरंटीचा उरलेला काळच लागू होतो, यावरही ग्राहक नाराज असतात. मला ती अट अन्यायाची वाटत नाही, फक्त ती खरेदीच्या वेळी बिलावर मराठीत, किंवा त्या त्या राज्याच्या भाषेत, वाचता येईल अशी छापलेली असावी.

दुकानदारांची बाजूही मांडली पाहिजे. लहान विक्रेत्याने स्वतःच्या जबाबदारीवर बॅटरी बदलून दिली आणि नंतर कंपनीने दावा फेटाळला, तर ती रक्कम आपल्या अंगावर येईल, अशी धास्ती त्याला असते. विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, उष्णतेने बॅटरीतील पाणी लवकर आटते, आतील जाळ्या लवकर गंजतात, आणि तीच कंपनी, तीच बॅटरी येथे थंड हवेच्या गावापेक्षा कमी काळ टिकते. त्यामुळे दावेही जास्त येतात आणि दुकानदार दोन्हीकडून कात्रीत सापडतो. परंतु ग्राहकाने पैसे मोजले आहेत ते दुकानदाराला, कार्डावर शिक्का आहे तोही त्याचाच. कंपनी आणि विक्रेता यांच्यातील हिशेब त्यांनी आपसांत मिटवावा, तो मिटेपर्यंत ग्राहकाची गाडी दारात उभी राहता कामा नये.

महोदय, यासाठी संसदेत नवा कायदा आणण्याची गरज नाही. कायद्याच्या कलम 18 ने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला, अनुचित व्यापारी प्रथा रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढण्याचा अधिकार दिलेला आहे, आणि हॉटेलांतील सेवाशुल्काबाबत 2022 मध्ये तसेच ऑनलाइन विक्रीत ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या फसव्या रचनांबाबत (‘डार्क पॅटर्न’) 2023 मध्ये प्राधिकरणाने तो वापरलेलाही आहे. घरगुती उपकरणांची वॉरंटी विक्रीच्या तारखेऐवजी उपकरण बसवल्याच्या तारखेपासून मोजावी, असे आपल्या विभागाने 2023 मध्ये उद्योगांना कळवले होते, म्हणजे वॉरंटीच्या तपशिलात विभागाने पूर्वीही लक्ष घातलेले आहे. त्याच धर्तीवर बॅटरीसाठी पुढील व्यवस्था व्हावी. वॉरंटीखाली बॅटरी ताब्यात घेताना विक्रेत्याने तिचा अनुक्रमांक, तारीख आणि ग्राहकाने सांगितलेला दोष लिहिलेली पोच द्यावी. तपासणीचे आकडे, वापरलेले यंत्र आणि चार्जिंगनंतर किती वेळाने मोजणी केली हे नमूद केलेल्या अहवालाची प्रत ग्राहकाला मिळावी. दावा फेटाळायचा असेल तर कंपनीने नेमके कारण ठरावीक दिवसांच्या आत लेखी कळवावे, ती मुदत उलटली तर दावा मंजूर झाला असे मानावे, आणि फेटाळलेली बॅटरी ग्राहकाने मागितल्यास ती त्याला परत करावी, म्हणजे आयोगापुढे नमुना म्हणून हजर करता येईल. निर्णय होईपर्यंत चालू स्थितीतील पर्यायी बॅटरी देणे बंधनकारक असावे, कारण ज्याचे पोट टॅक्सीवर किंवा टेम्पोवर आहे त्याला आठवडाभर थांबणे परवडत नाही. प्रो-राटा सवलत ग्राहकाने प्रत्यक्ष मोजलेल्या किमतीवर, किंवा त्या दिवशीच्या प्रत्यक्ष विक्री किमतीवर, मोजली जावी आणि जुन्या बॅटरीचे भंगारमूल्य बिलात वेगळे दाखवावे. वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 ने उत्पादकांवर टाकलेलीच आहे, त्यामुळे परत आलेल्या बॅटरीची नोंद ठेवणे त्यांना अवघड जाऊ नये.

या सर्वांत पोचपावती आणि तपासणी अहवालाची मागणी मी सर्वांत महत्त्वाची मानतो. बाकीच्या गोष्टींना वेळ लागणार असेल, तर हे दोन कागद देण्याचा आदेश तरी आधी निघावा. यंत्रातून चिठ्ठी आजही निघतेच, ती एकाऐवजी दोन प्रतींत काढायला कोणालाही वेगळा खर्च येणार नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. तिच्या नोंदीसह बिल, वॉरंटी कार्ड आणि मेकॅनिकने घेतलेल्या मोजणीची छायाचित्रे आपल्या कार्यालयाने मागितल्यास मी तातडीने सादर करीन. आपल्या विभागाने बॅटरी उत्पादक, विक्रेत्यांच्या संघटना आणि ग्राहक संघटना यांची एकत्र बैठक बोलावल्यास, स्वखर्चाने दिल्लीला येऊन तिथे माझी बाजू मांडण्याचीही माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
नागपूर येथील एक ग्राहक