‘थांबा’ म्हणणाऱ्याची बढती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अंतराळ आणि उपग्रह क्षेत्रातील करिअर या विषयावर सध्या वृत्तपत्रांतून भरपूर लिहिले जात आहे. या क्षेत्राची दारे खासगी कंपन्यांना खुली झाल्यापासून विद्यार्थी आणि पालक यांच्या मनात या वाटेविषयी कधी नव्हे एवढी उत्सुकता आहे, आणि ती रास्तच आहे. मात्र कोणती पदवी घ्यावी, कोणती परीक्षा द्यावी, कोणत्या शाखेला मागणी आहे, यापलीकडे हे लेख सहसा जात नाहीत, आणि नेतृत्वाचा विषय निघालाच तर एखाद्या संस्थेच्या अध्यक्षाचे किंवा कंपनीच्या संस्थापकाचे छायाचित्र छापून तो आटोपला जातो. उपग्रहांची जुळणी आणि चाचणी या कामात माझी २६ वर्षे गेली. त्या अनुभवावरून मला असे ठामपणे वाटते की, या क्षेत्रात प्रमुखाच्या खुर्चीवर कोण बसले आहे यापेक्षा ‘थांबा’ हा शब्द किती खालच्या पायरीवरून वरपर्यंत पोहोचू शकतो आणि तो उच्चारणाऱ्याचे पुढे काय होते, यावर मोहिमेचे भवितव्य अधिक ठरते.

याचे कारण कामाच्या स्वरूपातच आहे. वीजकेंद्रातले यंत्र बिघडले तर ते बंद करून दुरुस्त करता येते, पुलाला तडा गेला तर वाहतूक वळवता येते. भूस्थिर कक्षेतला उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो आणि तिथे पाना घेऊन कोणी जात नाही. हबल दुर्बिणीची १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्ती केली खरी, पण ती दुर्बीण मुळातच तशी दुरुस्ती करता यावी अशा रीतीने बांधलेली होती, आणि असे भाग्य फार थोड्या यानांच्या वाट्याला येते. ज्या तंत्रज्ञाने पॅनेलचा शेवटचा स्क्रू आवळला, त्याच्यानंतर त्या आतल्या भागाला कोणाचाही हात लागत नाही. त्यामुळे त्या तंत्रज्ञाच्या मनात शंका आली आणि ती त्याने गिळून टाकली, तर पुढे कितीही मोठ्या अधिकाऱ्याला ती चूक निस्तरता येत नाही.

अमेरिकेच्या ‘चॅलेंजर’ या अंतराळयानाच्या दुर्घटनेची आठवण अनेकांना असेल. २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी ते यान नष्ट झाले आणि ७ जणांचा मृत्यू झाला. सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या थंडीमुळे कडक झाल्या आणि बूस्टरच्या, म्हणजे यानाला वर ढकलणाऱ्या रॉकेटच्या, सांध्यातून तप्त वायू बाहेर पडला, हे तांत्रिक कारण सर्वत्र सांगितले जाते. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती आदल्या रात्रीची दूरध्वनीवरची बैठक. बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांनी त्या बैठकीत आकडेवारी मांडून सांगितले होते की, यापूर्वीच्या सर्वांत थंड उड्डाणावेळचे तापमान सुमारे १२ अंश सेल्सिअस होते, त्याहून कमी तापमानाला उड्डाण करू नये. नासाच्या अधिकाऱ्यांनी नापसंती दाखवल्यावर कंपनीच्या वरिष्ठांनी थोडा वेळ मागून घेतला. त्या वेळात अभियांत्रिकीच्या उपाध्यक्षाला, अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापकाची टोपी घाल, असे त्याच्या वरिष्ठाने सुनावले. अखेरचा निर्णय चार व्यवस्थापकांनी घेतला आणि अभियंत्यांचे मत मोजलेच गेले नाही. प्रक्षेपणस्थळी असलेले कंपनीचे प्रतिनिधी अ‍ॅलन मॅकडोनाल्ड यांनी संमतिपत्रावर सही करण्यास नकार दिला, तेव्हा ती सही दुसऱ्याने करून पाठवली. चौकशी आयोगापुढे मॅकडोनाल्ड यांनी हे उघड केल्यावर कंपनीने त्यांना खालच्या कामावर ढकलले. अमेरिकी संसदेतून दबाव आला तेव्हा कुठे त्यांना पुन्हा वर आणण्यात आले आणि त्याच सांध्यांच्या नव्या रचनेचे काम त्यांच्याकडे सोपवले गेले. योग्य सल्ला देणाऱ्याला आपली जागा परत मिळवण्यासाठी संसदेचा आधार लागावा, ही गोष्ट मला त्या रबरी कड्यांपेक्षा अधिक अस्वस्थ करते.

याच्या उलट उदाहरण त्याच देशातले आणि त्याआधीचे आहे. ‘अपोलो-११’ चंद्रावर उतरण्याच्या काही दिवस आधी, जुलै १९६९ मध्ये, नियंत्रण कक्षातल्या चमूची सराव परीक्षा झाली. त्या सरावात संगणकाचा एक अनोळखी इशारा मुद्दाम देण्यात आला. मार्गदर्शन प्रणालीचे कन्सोल सांभाळणारे स्टीव्ह बेल्स यांनी तो पाहून उतरणे रद्द करण्यास सांगितले. सराव संपल्यावर परीक्षकांनी दाखवून दिले की तो इशारा जीवघेणा नव्हता, मोहीम विनाकारण सोडली गेली. उड्डाण संचालक जीन क्रान्झ यांनी बेल्स यांना त्या जागेवरून हलवले नाही. संगणक देऊ शकेल अशा प्रत्येक इशाऱ्याची छाननी करून त्याचा अर्थ लिहून ठेवा, एवढेच त्यांनी सांगितले. ती यादी जॅक गार्मन या तरुण अभियंत्याने हाताने लिहिली आणि आपल्या टेबलावरच्या पारदर्शक आवरणाखाली सरकवून ठेवली. प्रत्यक्ष उतरताना १२०२ हा इशारा आला तेव्हा गार्मन यांनी त्या कागदावर नजर टाकून पुढे जाण्यास हरकत नाही असे कळवले, बेल्स यांनी तेच वर सांगितले आणि यान उतरले. त्या दिवशी बेल्स २६ वर्षांचे होते आणि गार्मन २४ वर्षांचे. एवढा मोठा निर्णय त्या वयाच्या दोघांच्या शब्दावर झाला, याचे श्रेय त्या दोघांइतकेच त्यांना आधी चुकू देणाऱ्या वरिष्ठांचेही आहे.

आपल्याकडे एसएलव्ही-३ ची कथा शाळकरी मुलांनाही पाठ आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी ते रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळले, तेव्हा पत्रकारांना सामोरे गेले ते इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन, आणि १८ जुलै १९८० रोजी ते यशस्वी झाले तेव्हा त्यांनी प्रकल्पाचे प्रमुख डॉ. कलाम यांना पुढे केले. या कथेतला एक भाग मात्र बहुतेक वेळा गाळला जातो, जरी डॉ. कलाम तो स्वतः जाहीरपणे सांगत. पहिल्या प्रक्षेपणाआधी संगणकाने थांबण्याची सूचना दिली होती. नियंत्रण प्रणालीत गळती होत असली तरी इंधनाचा साठा पुरेसा आहे, असे तज्ज्ञांनी सांगितल्यावर डॉ. कलाम यांनी ती सूचना बाजूला सारून प्रक्षेपणाचा निर्णय घेतला होता. म्हणजे धवन यांनी ज्याला पाठीशी घातले त्याची चूक खरीखुरी होती. तरीही त्याच माणसाकडे आणि त्याच चमूकडे काम राहिले, आणि ११ महिन्यांनी त्यांनीच ते पूर्ण केले. धवन यांच्या मनाच्या मोठेपणाविषयी आपण बोलतो तेवढेच या निर्णयाविषयीही बोलायला हवे, कारण मनाचा मोठेपणा शिकवता येत नाही, पण चुकलेल्या माणसाला कामावर ठेवण्याची रीत संस्थेला लावून घेता येते.

आता माझ्या डोळ्यांसमोर घडलेली एक गोष्ट सांगतो. कंपन-चाचणीत उपग्रह शेकरवर बसवून हलवतात. पूर्ण जोराच्या चाचणीच्या आधी आणि नंतर अगदी हलक्या जोराने एकेक फेरी घेतात आणि दोन्ही वेळचे आलेख ताडून पाहतात. आत काही सैल झाले असेल तर आलेखातली शिखरे जागा बदलतात. आमच्या चमूत दोन वर्षे नोकरी झालेली एक मुलगी होती. तिने ते दोन्ही आलेख कागदावर छापून घेतले, एकावर एक ठेवले आणि ट्यूबलाइटसमोर धरले. एक शिखर जेमतेम दोन टक्क्यांनी कमी वारंवारतेकडे सरकले होते. ठरलेली मर्यादा पाच टक्क्यांची होती, पण बाकीची सारी शिखरे रेषेवर रेष जुळत असताना हे एकच का हलले, हा तिचा प्रश्न होता. ‘मर्यादेत आहे ना, मग पुढे चला,’ असे प्रमुख म्हणाले, कारण उपग्रह रवाना करण्याची तारीख ठरलेली होती. तिने वाद घातला नाही, मात्र नोंदवहीत आपले निरीक्षण लिहून खाली सही केली. आठ दिवसांनी ग्राहकाच्या गुणवत्ता प्रतिनिधीने ती नोंद वाचली आणि पॅनेल उघडायला लावले. आत एका ब्रॅकेटचे दोन बोल्ट पुरते आवळलेलेच नव्हते.

उपग्रह तीन आठवडे उशिरा गेला आणि आजवर नीट चालला आहे. त्या वर्षीच्या मूल्यमापन अहवालात तिच्या नावापुढे ‘संघभावना कमी’ असा शेरा पडला. पुढच्या वर्षी ती हे क्षेत्रच सोडून गेली. त्या खोलीत मी होतो, सरकलेले शिखर मलाही दिसले होते, आणि मी गप्प बसलो. प्रमुखांना दोष देण्याआधी माझे ते मौन मला कबूल केले पाहिजे, कारण अशा मौनातूनच पुढच्या पिढीला कळते की येथे काय बोलायचे असते आणि काय नाही.

बढतीची रचनाही या दुखण्याला हातभार लावते. बऱ्याच ठिकाणी चांगल्या अभियंत्याला वर जायचे असेल तर हातातले काम सोडून माणसे आणि वेळापत्रके सांभाळण्याकडेच वळावे लागते. ज्याचे कान यंत्राचा बदललेला आवाज ओळखतात, त्याला आपण बैठकांमध्ये बसवतो. एड स्टोन यांनी १९७२ मध्ये नासाच्या, दूरच्या ग्रहांकडे याने पाठवणाऱ्या ‘व्हॉयेजर’ मोहिमेच्या मुख्य शास्त्रज्ञाची जबाबदारी घेतली आणि ती २०२२ पर्यंत, म्हणजे ५० वर्षे, सोडली नाही. मधली दहा वर्षे ते नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी या संशोधन केंद्राचे संचालक होते, तेव्हाही नाही. एवढे दीर्घ सातत्य किती मोलाचे असते ते त्याच मोहिमेत २०२४ मध्ये दिसले. ‘व्हॉयेजर-१’ मधल्या स्मृतीची एक चिप निकामी झाल्याने यानाकडून येणारी माहिती वाचता येईनाशी झाली होती. यानापर्यंत संदेश जायलाच साडेबावीस तास लागत होते. सत्तरच्या दशकातली संगणक-आज्ञावली समजून घेऊन, तिचे तुकडे करून ते स्मृतीच्या चांगल्या भागांत हलवण्यात आले आणि एप्रिलमध्ये यान पुन्हा समजेल असे बोलू लागले. अर्धशतकापूर्वी कोणी तरी नोंदी चोख लिहून ठेवल्या नसत्या, तर हे कसे साधले असते?

नव्या खासगी कंपन्यांच्या वेगाला माझा विरोध नाही. स्पेसएक्स कंपनीचे फाल्कन-१ हे रॉकेट तीन वेळा अपयशी ठरले आणि सप्टेंबर २००८ मध्ये चौथ्या वेळी यशस्वी झाले. तिसऱ्या अपयशानंतर दोन महिन्यांच्या आत चौथे उड्डाण होऊ शकले, कारण नेमका दोष लगेच शोधून मान्य केला गेला. वेग आणि सावधपणा यांचे वैर आहे असे त्यामुळे मी मानत नाही. ‘चंद्रयान-२’ चा लँडर २०१९ मध्ये आदळल्यावर ‘चंद्रयान-३’ साठी इस्रोने काय चुकू शकेल याची यादी आधी केली आणि त्या यादीभोवती रचना बांधली. उतरण्यासाठीची जागासुद्धा पूर्वीच्या ५०० मीटर बाय ५०० मीटरवरून ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर एवढी मोठी केली गेली. शंका काढणाऱ्या माणसांना त्या चार वर्षांत भरपूर काम मिळाले असणार, आणि २३ ऑगस्ट २०२३ चे यश मी त्यांचे समजतो.

म्हणून माझी विनंती आहे की, करिअरविषयक पुरवण्यांमध्ये संस्थापकांच्या बरोबरीने चाचणी अभियंते, गुणवत्ता निरीक्षक आणि रात्रपाळीला कन्सोलवर बसणारे नियंत्रक यांच्याही मुलाखती याव्यात. संस्थांनी आणि कंपन्यांनी चाचणी थांबवण्याचा अधिकार कोणत्या पदापासून सुरू होतो हे लेखी जाहीर करावे, आणि मूल्यमापनाच्या अहवालात नोंदवलेल्या शंकेला जमेची बाजू म्हणून स्थान द्यावे, ती शंका पुढे निराधार ठरली तरीही.

विद्यार्थ्यांनाही एक सुचवतो. नोकरीच्या मुलाखतीत अखेरीस ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे विचारले जाते आणि बहुतेक उमेदवार पगाराविषयी विचारतात किंवा नम्रपणे ‘नाही’ म्हणतात. त्या वेळी त्यांनी विचारावे की, येथे शेवटची चाचणी किंवा रवानगी कोणाच्या सांगण्यावरून थांबवली होती, आणि ती व्यक्ती आज कोणत्या पदावर आहे.

आपला,
एक निवृत्त उपग्रह-चाचणी अभियंता