सूचना : ८ डिसेंबरच्या सादरीकरणाबद्दल

सर्व सभासदांना नमस्कार.

८ डिसेंबरला नर्तक उदय शंकर यांची जयंती. संध्याकाळी ६ वाजता नेहमीच्या हॉलवर आपलं सादरीकरण आहे, कलाकारांनी ४ वाजताच यावं.

शास्त्रीय नृत्याचं रीतसर शिक्षण नसताना या माणसानं आधुनिक भारतीय नृत्य उभं केलं. 'लेबर अँड मशिनरी' या नृत्यरचनेत कामगार आणि यंत्रं रंगमंचावर आणली. तोच धागा धरून आपण सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे हमाल नृत्याचा विषय म्हणून घेतलेत. पोतं पाठीवर घेताना आधी गुडघा वाकतो, मग मान. परवाच्या तालमीत हे दिसलं नाही. कृपया सौद्याच्या वेळी एकदा यार्डात जाऊन नीट बघून या, खरंच फरक पडेल.

सावल्यांच्या प्रवेशाला पांढरी धोतरं हवीत. घरी असल्यास धुऊन आणावीत.

– कार्यवाह