ट्यूटर आता उतरवायला हवीत : लेकीला पत्र

उदगीर,
१० नोव्हेंबर २०२४

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

फराळाचं पार्सल पोचलं आणि चकल्यांचा भुगा झाला नाही, हे कळल्यावर आईचा जीव भांड्यात पडला. अनारसे मात्र पुढच्या वेळी पाठवायचे नाहीत असं तिनं जाहीर केलंय.

तू मूस जॉच्या रस्त्याकडेला गाडी थांबवून काढलेला, कॅनडाच्या हवाई दलाच्या कसरती तुकडीच्या, म्हणजे स्नोबर्ड्सच्या, सरावाचा व्हिडिओ टीव्हीवर लावून पाहिला. आई म्हणाली, “एकदा पाहिलंत ना?” पण मला विमानांच्या करामतींपेक्षा विमानंच पाहायची होती. त्यांचं ट्यूटर विमान पहिल्यांदा नीट न्याहाळलं आणि वाटलं, हे तर आपल्या हवाई दलाच्या किरण विमानाचं चुलत भावंड! सरळ पंख, एकच इंजिन, गुरू-शिष्य शेजारी शेजारी बसतील अशी रुंद कॉकपिट. ट्यूटर १९६० साली पहिल्यांदा उडालं, किरण १९६४ साली. दोन्ही मुळात पोरांना उडायला शिकवण्यासाठी बनवलेली, आणि दोन्ही पुढे कसरतींसाठी निवडली गेली. म्हणून तुझा प्रश्न मला परक्या देशाचा वाटला नाही.

तुमच्या शेजारचे गृहस्थ ‘स्नोबर्ड्सना हात लावू नका’ म्हणून सह्या गोळा करतायत, तुझ्या ऑफिसातली ती बाई म्हणते असले खेळ बंदच करा, आणि सही करू की नको हे तू मला विचारतेस. हवाई दलाचा फिटर म्हणून बिदरच्या हँगरमध्ये इतकी वर्षं किरणच्या पोटाखाली काढलेल्या माणसाला विचारलंस, तर उत्तर लांबणारच. सुमितरावांनाही वाचायला दे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. विमान साठ वर्षांचं झालं म्हणजे ते वाईट झालं असं नाही. लोक वय ऐकून दचकतात, फिटर दचकत नाही. विमानाचं वय आम्ही वर्षांत मोजत नाही, उड्डाणाच्या तासांत आणि पंखांनी सोसलेल्या ताणांत मोजतो. एखादं विमान दहा वर्षं शेडमध्ये उभं असेल तर त्याचं आयुष्य फारसं खर्च होत नाही (गंजाचं वेगळं). कसरतीचं विमान मात्र रोज पिळून निघतं. प्रवासी विमान एकदा वर चढलं की तास न् तास सरळ जातं. इथं वीस-पंचवीस मिनिटांत किती वेळा खेचणं, उलटणं, पुन्हा खेचणं. त्यातही फॉर्मेशनच्या बाहेरच्या टोकाला जो असतो त्याला वळताना जास्त धावावं लागतं, आतल्या बाजूच्याला दबकत राहावं लागतं.

हे सगळं धातूवर उमटतं. कुठं दिसतं सांगू? रिव्हेटच्या भोवती. रिव्हेट किंचित ढिला होऊन हलायला लागला की पत्रा आणि रिव्हेट एकमेकांना घासतात, आणि त्याच्या मागं वाऱ्याच्या दिशेनं काजळासारखी बारीक रेघ येते. ‘रिव्हेट धूर सोडतोय’ असं आम्ही म्हणायचो. पहाटे टॉर्च घेऊन पंखाखाली आडवं पडायचं आणि ती काजळी शोधायची. शंका आली तर भाग पुसून लख्ख करायचा, त्यावर लाल रंगाचं पातळ द्रव लावायचं, थोडं थांबायचं, पुसून काढायचं आणि वरून पांढरी पावडर फवारायची. तडा असेल तर त्यात मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर केसासारखा उमटतो. तो केस दिसला की फॉर्म ७०० वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत, लाल शेरा, विमान जमिनीवर. मग वैमानिक कितीही मोठ्या हुद्द्याचा असो आणि बाहेर प्रेक्षक कितीही असोत.

तेव्हा जुनं विमान सुरक्षित उडवता येतं, पण त्याला असे हात, असे डोळे आणि सुटे भाग लागतात. खरी गोम इथंच आहे. ट्यूटरवरचं प्रशिक्षण २००० सालीच थांबलं. तेव्हापासून कॅनडाच्या हवाई दलात ते जवळपास एकट्या स्नोबर्ड्सकडंच आहे. ज्या विमानाच्या शेकडो प्रती उडत असतात त्याचा एखादा दोष कुठल्या तरी तळावर आधी सापडतो, आणि इशारा सगळीकडं पोचतो. त्याचे भाग बनवणारे कारखाने चालू राहतात, त्यावर शिकलेले फिटर निवृत्त झाले तरी नवे तयार होतात. एकाच तुकडीकडं उरलेल्या विमानाचं तसं नसतं. तिथं साठवून ठेवलेल्या जुन्या सांगाड्यांतून भाग काढून उडत्या विमानाला लावायचे. आम्हीही एका तळावर हे केलंय : एओजी, म्हणजे भागाअभावी जमिनीवर अडकलेलं, म्हणून उभ्या असलेल्या विमानाचा पंप काढून दुसऱ्याला लावला की दुसरं उडतं, पण पहिलं आणखी खोल गाळात जातं. एखाद्या आठवड्यापुरतं ठीक. वर्षानुवर्षं तसंच चालवायचं म्हणजे संग्रहालयातल्या वस्तूत माणूस बसवून ती हजारो लोकांच्या डोक्यावर उलटी करण्यासारखं आहे.

आता ट्यूटरच्या बाजूनंही बोलतो, नाहीतर तुमचे शेजारी म्हणतील म्हातारा एकांगी आहे. त्याचं जे८५ इंजिन अनाथ नाही. त्याच गोत्राची इंजिनं अमेरिकेच्या टी-३८ या शिकाऊ जेटमध्ये आणि अनेक देशांच्या एफ-५ या लढाऊ विमानांत आहेत. आणि कसरतीला ट्यूटर फार चांगलं. मंद उडतं, लहान वळण घेतं, त्यामुळं सगळा खेळ प्रेक्षकांच्या नजरेसमोर राहतो. मोठी लढाऊ विमानं कानठळ्या बसवून निघून जातात, आणि परत वळून येईपर्यंत पोरं आइस्क्रीमकडं पळालेली असतात. किरणचाही हाच गुण होता. मॉडर्न म्हणजे उत्तम, असं या धंद्यात नसतं.

पण कामलूप्सला काय झालं ते तुला माहीत असेल, तू तेव्हा तिकडंच होतीस. १७ मे २०२०. कोविडमध्ये लोकांना धीर द्यायला म्हणून स्नोबर्ड्स देशभर फिरत होते. आपल्याकडंही त्याच महिन्यात हवाई दलानं दवाखान्यांवर फुलं टाकली होती. उड्डाण केल्या केल्या पक्षी इंजिनात गेला. उंची नाही, वेग नाही. दोघांनी विमान सोडलं, पण माणसाला विमानाबाहेर फेकणाऱ्या खुर्च्या नीट काम करू शकतील अशी ती परिस्थितीच नव्हती. कॅप्टन जेनिफर केसी गेल्या. त्या वैमानिकसुद्धा नव्हत्या, जनसंपर्क अधिकारी होत्या. पक्षी कुठल्याही इंजिनात जातो, नव्याही जातो, त्याचा दोष ट्यूटरला देणार नाही. मात्र विमान हातातून गेल्यावर माणसाला बाहेर काढायची जी शेवटची सोय असते, ती आज फार पुढं गेलीय. जमिनीवर उभ्या, न हलणाऱ्या विमानातूनही माणसाला जिवंत उतरवणाऱ्या खुर्च्यांना आमच्यात ‘झीरो-झीरो’ म्हणतात. असल्या खुर्च्या नवीन प्रशिक्षण विमानांत सर्रास असतात. ट्यूटरची खुर्ची त्या जातीची नाही.

त्याच्या आदल्या ऑक्टोबरात अटलांटाजवळ एक ट्यूटर पडलं, इंधनाचा पुरवठा तुटला होता, वैमानिक वाचला. ऑगस्ट २०२२ मध्ये फोर्ट सेंट जॉनला इंजिन बंद पडलं. तपासात निघालं की तेलाचा फिल्टर नीट बसवला नव्हता. हे वाचून मला झोप आली नाही. फिटरला सगळ्यात जास्त लागतं ते हेच.

नवीन विमान घेतलं की अपघात थांबतात, असंही समजू नकोस. फेब्रुवारी २०१९ मध्ये बंगळूरला येलहंकाच्या आकाशात आपल्या सूर्यकिरण या कसरती तुकडीची दोन हॉक जेट विमानं सरावात एकमेकांवर आदळली. ती किरणपेक्षा कितीतरी नवी होती. विंग कमांडर साहिल गांधी गेले, दुसऱ्या विमानातले दोघे बाहेर पडले म्हणून वाचले. इतक्या जवळ उडायचं म्हटलं की हा धोका उरतोच, तो यंत्र बदलून जात नाही. म्हणूनच यंत्रामुळं येणारा जो धोका आपल्या हातात आहे, तो तरी अंगावर घेऊ नये.

मग काय घ्यायचं? इथं माझं मत तुमच्या दोन्ही पक्षांना आवडणार नाही. फक्त कसरतीसाठी विमान कधीच विकत घेऊ नये. हवाई दल प्रशिक्षणासाठी जे घेणारच आहे, त्यातलंच तुकडीला द्यावं. म्हणजे भाग तेच, फिटर तेच, पुस्तकं तीच, आणि तुकडी एकाकी पडत नाही. सूर्यकिरण १९९६ साली बिदरला सुरू झालं तेव्हा किरण मार्क-२ वर झालं, कारण किरण हवाई दलाकडं होतंच. २००९ साली एचपीटी-३२ ही शिकाऊ विमानं अपघातानंतर जमिनीवर आली, पोरांना शिकवायला विमानं कमी पडायला लागली, आणि किरणवर सगळा भार आला. किरणची जागा घ्यायला ज्या सितारानं यायचं होतं ते २००३ साली पहिल्यांदा उडालं आणि पुढं रेंगाळतच राहिलं. शेवटी फेब्रुवारी २०११ मध्ये एअरो इंडिया हे विमान प्रदर्शन झालं आणि सूर्यकिरण थांबवलं. लाल-पांढरी किरणं शिकवणीच्या कामाला गेली.

त्या दिवसांत बिदरमध्ये सुतक पडल्यासारखं वातावरण होतं, तुला आठवत असेल. पण बरोबरच होतं ते. जिथं पोरं शिकायला खोळंबली आहेत, तिथं प्रदर्शनासाठी विमानं कशी अडकवून ठेवणार? चार वर्षं कसरती नव्हत्या. २०१५ साली तुकडी पुन्हा उभी राहिली, यावेळी हॉकवर, तीही हवाई दलाकडं प्रशिक्षणासाठी आलेलीच. आधी मोजकी विमानं, मग हळूहळू करत पुन्हा नऊ.

कॅनडाचं मला हेच कळत नाही. ट्यूटर २०१० ला काढायचं ठरलेलं, ते २०२० वर गेलं, आता २०३० म्हणतात. मधल्या काळात त्यांची हॉक विमानंही या मार्चमध्ये निवृत्त झाली, म्हणजे तुकडीला देता येईल असं दुसरं जेट प्रशिक्षणाच्या ताफ्यात उरलंच नाही. जे येतंय ते पीसी-२१. स्विस पिलाटस कंपनीचं, पंख्याचं (प्रोपेलरचं) विमान. याच कंपनीची पंचाहत्तर पीसी-७ मार्क-२ आपण त्या एचपीटी-३२ च्या जागी घेतली. मे महिन्यात कॅनडानं प्रशिक्षणाचा जो पंचवीस वर्षांचा करार केला, त्यात एकोणीस पीसी-२१ आहेत, आणि शिकवणी तुमच्या मूस जॉलाच. विमानं दारात येणार आहेत!

तुमचे शेजारी म्हणतील, पंख्याचं विमान म्हणजे स्नोबर्ड्सची अब्रू गेली. त्यांना सांग, ऑस्ट्रेलियाच्या रूलेट्स तुकडीनं जेट कधीच सोडली, आता ती पीसी-२१ वरच कसरती करते. स्वित्झर्लंडची एक तुकडी नऊ पीसी-७ घेऊन उडते, आणि तिची शिस्त पाहून मी टोपी काढली होती. जेटचा आवाज नाही, हे खरं. पोरांना आवाज आवडतो, मलाही आवडतो. पण आवाजासाठी साठीचं विमान उडवत राहायचं, हा हट्ट झाला. एकोणीसांतून नऊ काढली तर शिकवणी अडेल, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्यासाठी काही जादा विमानं घ्यावी लागतील, आणि खर्चाचा खरा प्रश्न तोच, ट्यूटरवरच्या प्रेमाचा नाही. इंग्लंडच्या रेड अ‍ॅरोजपुढंही हेच वाढून ठेवलंय. त्यांची हॉक टी-१ बाकीच्या हवाई दलानं २०२२ साली सोडली, तुकडी अजून तीच उडवतेय.

आपल्याकडं पोळ्याला म्हातारा बैलही सजवतात, त्याच्यासमोर नैवेद्य ठेवतात, पण दुसऱ्या दिवशी त्याला औताला जुंपत नाहीत. ट्यूटरला तो मान द्या. एखादं मूस जॉच्या वेशीवर खांबावर चढवा.

ऑफिसातल्या बाईंच्या ‘बंदच करा’ला माझा पाठिंबा नाही. उदगीर, भालकी, हुमनाबादची कितीतरी पोरं सूर्यकिरण बघून हवाई दलात भरती झाली. सगळी वैमानिक नाही झाली, बरीच माझ्यासारखी पाना घेऊन उभी राहिली, पण तीही लागतातच. त्या तुमच्या सपाट गव्हाच्या मुलखात एखाद्या शेतकऱ्याच्या पोरानं डोक्यावरून नऊ विमानं जाताना बघितली, तर तेही हिशेबात धरायला हवं.

तेव्हा शेजाऱ्यांच्या कागदावर आहे तशी सही करू नकोस. खाली जागा असेल तर लिही : तुकडी राहू द्या, ट्यूटर २०३० ची वाट न पाहता उतरवा, नवी विमानं हातात येईपर्यंत दोन-चार वर्षं आकाश रिकामं राहिलं तरी चालेल. आणि मग सही कर. ते चिडले तर चहाला बोलाव आणि माझ्याशी व्हिडिओ कॉल लावून दे. मला इंग्रजी बोलायला लाज वाटत नाही, हवाई दलानं तेवढं शिकवलंय.

आर्यला थंडीत कानटोपी घालत जा. आईचा गुडघा आता बरा आहे, पण जिना चढायचं टाळते. तिला रविवारी फोन कर, शनिवारी ती भजनी मंडळात असते आणि मग तू फोन केलाच नाहीस म्हणून माझ्यावर डाफरते.

तुझे
बाबा