यंदाची थंडी ऐरोलीला

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न.

फोनवर विषय काढला की बाबा "बरं बरं, आईला देतो" म्हणतात आणि आई म्हणते "त्यांनाच सांग". म्हणून लिहितेय. आधी पूर्ण वाचा, मग रागवा.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तुम्ही दोघं माझ्याकडे राहणार आहात. पंचवटी एक्स्प्रेसची तिकिटं काढून झाली, बाबांना खिडकी. कल्याणला मी गाडी घेऊन येते. डॉक्टरांशी बोलले, नानांशीही बोलले. तुळशीला पाणी ते घालतील.

बाबा, नेमके हेच दिवस नांदूर मध्यमेश्वरच्या अभयारण्यात पट्टकदंब हंस उतरायचे, हे मला कळत नाही असं नाही. वर्षभर तुम्ही ज्या दोन महिन्यांची वाट बघता तेच मी काढून घेतेय. तारखा मागेपुढे करून पाहिल्या. पण थंडी आणि पाहुणे पक्षी एकदमच येतात, त्याला मी काय करू? निफाडजवळच्या कुंदेवाडीचा पारा घसरल्याची बातमी इथे लोक चहाबरोबर मजेत वाचतात, माझ्या पोटात गोळा येतो. त्यात द्राक्षबागांत रात्रभर पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर पहाटे खाली बसलेला, आणि तुम्ही मफलर गुंडाळून मोटरसायकलवर चापडगावच्या रस्त्याला. मागच्या जानेवारीत आईनं एकटीनं जे निभावलं ते पुन्हा तिच्यावर यायला नको. ती बोलणार नाही, म्हणून मी बोलतेय.

तुम्ही म्हणाल, गोदावरी-कादवेच्या संगमावरून उठवून खाडीच्या चिखलात आणून बसवतेय. पण ठाणे खाडीलाही 2022 मध्ये रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळालाय. (आपल्या नांदूरला 2020 मध्येच, राज्यात पहिला. मान्य!) ऐरोलीचं जैवविविधता केंद्र घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. खारफुटीतून चालायला नीट वाट आहे, दम लागला तर टेकायला जागा आहे. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला बोटी सुटतात, पण त्यांच्या वेळा भरती-ओहोटीवर ठरतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की रोहित चोच उलटी करून चरत असतात. पाणी चढलं की उठतात आणि नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांवर जाऊन बसतात. म्हणजे आईच्या कालनिर्णयात तिथी बघून तुमचं वेळापत्रक लागणार, आणि तिला विचारल्याशिवाय तुमचं पान हलणार नाही. डिसेंबरात रोहित थोडे असतील, गर्दी नंतर वाढते. तोवर पाणटिवळे, तुताऱ्या असे चिखलातले पक्षी आहेत. त्या चिखलातल्या तुताऱ्या एकमेकींपासून ओळखून दाखवा, मग मानेन.

आणि एक तुमच्यासाठी राखून ठेवलेलं. बीएनएचएसनं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) 2022 मध्ये इथल्या काही रोहितांच्या पाठीवर जीपीएस बसवलं. त्यातल्या एकाचं नाव हुमायून, आपल्या पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलालींवरून. तो इथून उडाला तो थेट भावनगरकडे गेला.

परवा कपाट आवरताना तात्यांच्या दुर्बिणीचा जुना पट्टा सापडला. लहानपणी तो माझ्या गळ्यात घालून तुम्ही म्हणायचात, "मने, श्वाससुद्धा हळू घे." पट्टकदंब हिमालय ओलांडून येतात, 7 हजार मीटरच्याही वरून, असं सांगितलंत तेव्हा मी विचारलं होतं, त्यांना थंडी वाजत नाही का? उत्तराऐवजी थर्मासच्या झाकणातून चहा दिलात आणि आईला सांगू नको म्हणालात. आई, आता तुला कळलं.

इथे तुमची खोली पूर्वेची आहे, ऊन येतं. गीझर नवा आहे, कमोडशेजारी धरायला दांडी बसवून घेतली. लिफ्ट आहे. खालचा गिरणीवाला बाजरी ताजी दळून देतो, मी करून पाहिली भाकरी, तुझ्यासारखी नाही पण तुटत नाही. तुझ्या मालिकेच्या वेळेत टीव्हीला कोणी हात लावणार नाही, जावईसुद्धा.

आता ऐका. बाबा, श्वासाचा पंप शर्टच्या खिशात, गोळ्यांचा डबा आणि फाइल हातातल्या पिशवीत, सुटकेसमध्ये नाही. दुर्बीणही हातातच. आई, लोणच्याची काचेची बरणी आणायची नाही. आणणारच असशील तर निदान डब्यात भरून. नोव्हेंबरात नांदूरला थापट्या आणि तलवार बदकं आलेली असतील, जा खुशाल, पण ऊन वर आल्यावर, आणि नानांच्या मुलाच्या गाडीतून. मोटरसायकलची किल्ली त्याच्याकडे द्या. हे मी त्याला आधीच सांगून ठेवलंय, चिडू नका.

तुमच्या वहीत खाडा पडू नये म्हणून नांदूरच्या गाइडला विचारलं. तो दर रविवारी पट्टकदंबांचा आकडा फोनवर सांगायला तयार आहे. दहा-दहाचे गट धरून कसं मोजायचं ते निघण्यापूर्वी त्याला एकदा शिकवून या, नाहीतर दोनशेचे तीनशे सांगेल. आणि फेब्रुवारीच्या मध्याला मी स्वतः सोडायला येणार आहे. तेव्हा बांधावर थोडे तरी उरलेले असतील. त्या रविवारची मोजणी तुम्हीच करा, मी वही धरते.

तुमची,
मनू