पेलो नाही, चाखली

पुणे, १४ ऑगस्ट
रात्रीचे साडेअकरा

प्रिय बंड्या,

पाकीट पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. व्हॉट्सअॅपवरच लिहायला बसलो होतो. चार ओळी लिहिल्या, खोडल्या, परत लिहिल्या. तिथं त्या दोन निळ्या खुणा झाल्या की तू वाचलंस हे कळतं, आणि मग मी पंख्याकडे बघत पडून राहणार. पोस्टानं निदान चार-पाच दिवस बरे जातात.

तब्येत ठीक. शुगर काठावर, बीपीची अर्धी गोळी आता एक झाली. मंजूची शाळा चालू आहे. झालं.

आता मुद्द्याचं. आज संध्याकाळी मी दारूच्या दुकानासमोर रांगेत उभा होतो. उद्या १५ ऑगस्ट, ड्राय डे, त्यामुळे रांग पार पानवाल्याच्या टपरीपर्यंत आली होती. हातात मंजूची हळदीकुंकवातली कापडी पिशवी, तिच्यावर दोन स्वस्तिकं. पुढचा पोरगा उगाच बोलायला म्हणून म्हणाला, "काय काका, घरचं संपलं वाटतं?" मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि मनात मोजलं. घरच्या कपाटात सात बाटल्या उघडलेल्या आहेत. फ्रिजमध्ये चार बिअर. त्यातली एक काळी, जाड, आठ महिने कोणी हात लावलेला नाही. आणि मी एका दिवसाच्या बेगमीसाठी पाऊण तास उभा!

तू म्हणशील, मग निघून आला का नाहीस? नाही बे. पुढे नऊच जण उरले होते.

तुला हे सगळं मुळापासून सांगायला हवं, कारण गेल्या वर्षी फोनवर मी तुला यातलं काही बोललो नाही. मुद्दामच. तुझ्याशी असल्या गोष्टी बोलताना माझी जीभ अडखळते आणि का ते तुला माहीत आहे. त्यावर येतोच.

परवाच्या नाही, त्याच्या आधीच्या दिवाळीत सई बंगळूरहून सहा वेगवेगळ्या बिअर घेऊन आली. म्हणाली, "बाबा, तीस वर्षं तुम्ही एकच ब्रँड पिताय, आणि तोही शेंगदाण्यांबरोबर. जरा चव घेऊन बघा की." मला पटलं. आपल्याला आयुष्यात चव घ्यायला शिकवलं कोणी? होस्टेलवर ओल्ड मंक नाक दाबून प्यायची आणि कोल्ड्रिंकनं तोंड धुवायचं, हेच आपलं शिक्षण. मग मी एक वही केली. लाल कापडी पुठ्ठ्याची, वाण्याकडे उधारीला असते तसली. नियम ठरवले. फक्त शनिवार. दारू असेल तर ३० मिली, बिअर असेल तर एक बाटली दोघांत (म्हणजे मंजूचे दोन घोट). बरोबर साधे फुटाणे, कारण मसाल्याच्या चिवड्यानं जीभ मरते. आणि प्यायल्यावर लगेच वहीत लिहायचं: वास, चव, शेवटी तोंडात काय उरतं ते.

पहिली नोंद दीड पान आहे. गव्हाची जर्मन पद्धतीची बिअर होती. "पिकल्या केळ्याचा वास, मागून लवंग. मंजूच्या मते शिकरण." मी दुसऱ्या दिवशी शोधून काढलं की त्यात केळं नसतंच, तो वास यीस्टचा. बव्हेरियातल्या १५१६ च्या फर्मानात बिअरला बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढीच परवानगी आहे, यीस्टचा उल्लेखच नाही. केळ्याचा वास ज्याच्यामुळे येतो त्याचं नावच नाही! मला इतका आनंद झाला की मी मंजूला झोपेतून उठवून सांगितलं. तिनं कूस बदलली.

मग एक धुराच्या वासाची स्कॉच आली. स्कॉटलंडात दलदलीतलं पीट, म्हणजे कुजलेल्या झाडाझुडपांचा थर, जाळून त्याच्या धुरावर मोड आलेली बार्ली वाळवतात. माझी नोंद: "जिल्हा रुग्णालयाचा ड्रेसिंगचा कक्ष." पण तिसऱ्या घोटाला आवडली. दोन चमचे पाणी घातलं की वास कसा मोकळा होतो ते पाहिलं. आणि एक गोष्ट तुला सांगितलीच पाहिजे, कारण आपलं अर्धं होस्टेल त्यावर भांडलं. तू रमवाला, मी व्हिस्कीवाला. आठवतं? आपण जिला व्हिस्की म्हणून प्यायचो ती बहुतेक उसाच्या मळीपासूनच काढलेली असायची. युरोपात तिला व्हिस्की म्हणून विकूही देत नाहीत. म्हणजे दोन्ही पार्ट्या एकाच साखर कारखान्याच्या! तू त्या वेळी माझा जो मग फोडलास त्याचे पैसे मी आता मागत नाही.

आपल्याकडच्या सिंगल माल्टही चाखल्या, त्या मात्र खऱ्या बार्लीच्या. बंगळूर-गोव्याच्या उकाड्यात पिंपातली दारू लवकर मुरते, पण दर वर्षी शेकडा दहा-बारा हवेत उडून जाते. स्कॉटलंडात दोनेक टक्केच. त्या उडालेल्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. वहीत मी कंसात आमच्या वडिलांच्या नावानं लिहिलं होतं, "बाबूजींचा वाटा." त्या वेळी मला ते फार विनोदी वाटलं होतं.

एप्रिलात ऑफिसातल्या एकानं गोव्याहून उर्राक आणली. कशी आणली विचारू नकोस. ही काजूच्या बोंडांची पहिल्या वाफेची, हलकी. हीच पुन्हा भट्टीवर चढवली की फेणी. दोन-तीन महिनेच मिळते. लिमका, मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची घालून प्यायची. ती आली होती पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत, आणि मी गाढवानं ती तशीच फ्रिजच्या दारात ठेवली. मंजूची आत्या दुपारी आली, चांगला मोठा घोट घेतला आणि म्हणाली, "मंजू, तुमच्याकडे बोअरचं पाणी सोडलंय का गं?" बंड्या, त्या दिवशी मी जो हसलोय.

ही झाली मजेची बाजू. आता वही उघडून बसलोय, ती पुढ्यात आहे.

डिसेंबरच्या नोंदी पानभर. फेब्रुवारीत अर्धं पान. एप्रिलात उर्राकला सात ओळी, त्यातल्या तीन आत्यावर. मेपासून एकेक ओळ: "ठीक." "गोडसर." "मागच्यासारखीच." जूनमध्ये नुसती नावं. जुलैत नावंही नाहीत, तारखा आहेत. आणि त्या तारखा मी आत्ता कॅलेंडर काढून तपासल्या. त्यात मंगळवार आहेत. एक सोमवार आहे, श्रावणातला. चाखायचं संपलं कधी आणि नुसतं दुसरंच काही सुरू झालं कधी, ते पान मला सापडत नाही.

हिशोबही केला. आयुष्यभर मी तुला सांगत आलो की बिअर म्हणजे काही दारू नव्हे, तुझं तोंड उगाच वाकडं. तर ऐक. ६५० मिलीची स्ट्राँग बाटली, ८ टक्क्यांची, म्हणजे ५२ मिली निव्वळ अल्कोहोल. व्हिस्की ४२.८ टक्के असते, तिचा ६० मिलीचा मोठा पेग म्हणजे २५.७ मिली. एक बिअर म्हणजे दोन मोठे पेग. हे गणित आठवीतल्या पोरालाही जमेल, मला बावन्नाव्या वर्षी जमलं. तू जिंकलास. तारीख लिहून ठेव.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहितोय ते. गेल्या महिन्यात सईनंच एक बाटली पाठवली. मोहाची. कायदेशीर, सुंदर लेबल, बूच लावलेली. तिला वाटलं बाबांच्या विदर्भाची आहे, आवडेल. मी बूच काढलं, ग्लासात ओतली, नाक खाली नेलं.

बाबूजींचा दुपट्टा.

दुसरं काहीच नाही, तो दुपट्टाच. पुलगावचं ते मागचं अंगण, रात्रीची पॅसेंजर येऊन गेलेली, आणि दाराशी तू एका खांद्याखाली, मी दुसऱ्या. आपण तेव्हा नववीत असू. बापूंचा जिल्हा म्हणून अख्ख्या वर्ध्यात बंदी, आणि बाबूजी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात "धामणगावले जाऊन येतो" म्हणून नदीपलीकडच्या जिल्ह्यात जायचे. पैसे संपले की मग गावातलीच, कोणाच्या तरी मागच्या दारची, मोहाची. आई दारात उभी राहून विचारायची आणि ते दर वेळी एकच उत्तर द्यायचे. तुलाही पाठ आहे ते. तू त्यांची नक्कल करून मला हसवायचास, आणि एकदा मी तुला त्यावरून बदडलं होतं.

"मी कोठी पेलो? मी त नुसती चाखली."

बंड्या, माझ्या वहीच्या पहिल्या पानावर, झोकात, लाल शाईनं काय लिहिलंय माहीत आहे? "चाखण्याची वही."

वीस महिने मी ते नाव रोज बघतोय आणि माझ्या डोक्यात ट्यूब पेटली नाही.

मोहाची ती बाटली चार दिवसांत संपली. वहीत एक शब्द नाही. चौथ्या दिवशी पहाटे पाचला उठून मी ग्लास धूत होतो. साबणानं धुतला, मग हुंगला, मग लिंबाची साल फिरवली, परत हुंगला, पुसून उलटा करून जाळीत बरोबर होता तिथंच ठेवला. मंजूला माझ्या पिण्याचं वावडं नाही, तिच्या देखतच सगळं चालतं. मग मी कोणापासून लपवत होतो? बाबूजी राखेनं पेला घासायचे आणि तुळशीची पानं चघळत फिरायचे. आमच्या अंगणातली तुळस कधी धड वाढलीच नाही. मला लिंबाची साल लागली, एवढाच तीस वर्षांतला विकास.

मंजूनं ते पाहिलं होतं. काही बोलली नाही. परवा भाजी निवडता निवडता म्हणाली, "हल्ली तुझ्या वहीत नुसत्या तारखाच असतात." बस्स, एवढंच. पुन्हा मेथी.

मी दारुडा झालोय असं मला म्हणायचं नाही. ऑफिस वेळेवर, पाय लटपटत नाहीत, आवाज चढत नाही. परवाना आहे, जन्मभराचा, १९४९ च्या कायद्याखालचा. परदेशी मद्य मला प्रकृतीच्या रक्षणासाठी लागतं असं त्यावर छापलंय, सरकारच माझ्या बाजूनं आहे. बाबूजींचं आणि माझं एक नाही, हे मी स्वतःला रोज सांगतो. पण रोज सांगावं लागतं हे काही ठीक नाही. आणि दुसऱ्या कोणाला विचारलं तर तो म्हणेल, "अरे, दोन पेगांनी काय होतंय." हे वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. माझंच आहे.

वास्तुशांतीच्या रात्री गच्चीवर मी तुला तेच म्हणालो होतो. तुला दारू सोडून चार महिने झाले होते. मला माहीत होतं. वहिनींनी फोन करून मुद्दाम सांगितलं होतं. तरी मी सगळ्यांसमोर तुझ्या हातात ग्लास कोंबला, "एका पेगानं काय होतं बे, माझ्या घराची शांत आहे." तू ग्लास कठड्यावर ठेवलास, खाली उतरलास, चप्पल घातलीस. जेवलाही नाहीस. नंतर दोन वर्षं मी लोकांना सांगत फिरलो की बंड्याला शिष्टपणा आलाय. मग तुझ्या आईच्या वेळी आलो, तेव्हा तू मला जवळ घेतलंस आणि तो विषय तिथंच राहिला. मी माफी मागितली नाही. आत्ता मागतोय. उशीर झालाय, हे मान्य. ग्लास कठड्यावर ठेवताना तुझा हात थरथरत होता, ते मी पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि हसलो होतो.

बरं, तुझं काय? वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? रोहितला हैदराबादची नोकरी लागली असं पम्याकडून कळलं, तू का नाही कळवलंस? अमरावतीचं घर विकणार होतास त्याचं काय? विकू नकोस, किंवा वीक, मला त्यातलं कळत नाही. पम्या स्वतः कसा आहे, अजून तो लग्नात जाऊन पनीर मोजतो का?

मला एकच विचारायचं आहे. तुला कधी कळलं? म्हणजे डॉक्टरनं सांगितलं ते नव्हे, वहिनी माहेरी गेल्या तेही नव्हे. त्याच्या आधी, एकट्यात, एखाद्या वारी. अकरा वर्षांत मी तुला हे कधी विचारलं नाही, कारण उत्तर ऐकायचं नव्हतं. तुला वाटेल तेवढं लिही, दोन ओळी चालतील. फोन मात्र करू नकोस. फोनवर मी विनोद करेन आणि तूही हसशील.

आजची पिशवी अजून सोडलेली नाही, टेबलाखाली आहे. वही मी या पत्राबरोबर पाठवणार होतो, पण पाकिटात मावत नाही. आणि सईला दाखवायची नाही हेही आहेच. मंजूला सांगितलंय कपाटाची किल्ली तुझ्याकडे ठेव म्हणून. तिनं घेतली नाही. "मी कुठं सांभाळत बसू," म्हणाली, आणि दिवा घालवून झोपली.

वहिनींना नमस्कार, रोहितला आशीर्वाद.

तुझा,
सुध्या

ता.क. उर्राकचा किस्सा वहिनींना सांगू नकोस. आत्या त्यांच्या भिशीत आहे.